कोरियन भाषेत कारण सांगायचं कसं? मराठी कानाने शिकण्याचा एक मार्ग

कोरियन शिकायला लागून चारेक महिने झाले होते. एके दिवशी वर्गाला दहा मिनिटं उशीर होणार होता, म्हणून मी बाईंना मेसेज केला: 'नुजॉस्सुनिक्का च्वेसोंगहाम्निदा.' माझ्या समजुतीप्रमाणे मी लिहिलं होतं, 'उशीर झाला म्हणून माफी मागते.' बाईंनी न रागावता, अगदी शांतपणे दुरुस्ती पाठवली: 'नुजॉसॉ च्वेसोंगहाम्निदा.' शब्द तेच, मधला प्रत्यय तेवढा वेगळा. पण कोरियन कानाला माझं वाक्य 'आता उशीर झालाच आहे, तेव्हा सॉरी' असं काहीसं लागलं होतं. माफीच्या जागी मी बाजू मांडत होते.

कोरियनमध्ये कारण सांगायचे प्रत्यय डझनभर तरी आहेत. आपण बहुतेक जण कोरियन इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि तिथे या सगळ्यांसमोर एकच इंग्रजी शब्द छापलेला असतो: 'बिकॉज'. त्यामुळे सगळे प्रत्यय सारखेच वाटायला लागतात आणि नियम पाठ करण्याखेरीज मार्ग राहत नाही. खरं तर मराठीत आपण रोज '-मुळे', 'म्हणून', 'तेव्हा', '-ऊन', 'कृपेने', 'पायी', 'नादात' आणि वाक्याच्या शेवटचा तो छोटासा 'ना' एवढी सगळी कारणं वेगवेगळ्या जागी, न चुकता वापरतो. ही जाण कोरियनच्या फार जवळची आहे. मधलं इंग्रजी बाजूला ठेवलं, तर निम्मं काम तिथेच होतं. हा लेख त्याच रस्त्याने जातो.

वाचण्याआधी उच्चाराबद्दल थोडं

इथे सगळं कोरियन देवनागरीत लिहिलं आहे. ऱ्हस्व 'उ' दिसला की ओठ न गोलावता, पसरट ठेवून म्हणायचा. दीर्घ 'ऊ' मात्र ओठ गोल करून. 'ऑ' हा 'ऑफिस'मधला. 'च' चहातला, चाकातला नव्हे. 'ज' जगातला, जाळ्यातला नव्हे. 'क्क', 'त्त', 'च्च' अशी जोडाक्षरं घसा आवळून, हवा न सोडता म्हणायची. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला 'क' आणि दोन स्वरांमध्ये 'ग' असं ऐकू येतं, म्हणून तेच क्रियापद इथे जागेप्रमाणे थोडं वेगळं दिसेल.

हांगुल लिपी अजून शिकला नसाल तर आधी ती शिका. राजा सेजोंगने ती 1443 मध्ये तयार करवली आणि 1446 मध्ये जाहीर केली, तीच मुळी सामान्य माणसाला सहज वाचता यावी म्हणून. रोज तासभर दिला तर आठवडाभरात अक्षरं ओळखू येतात. या लेखातली वाक्यं मग हांगुलमध्ये लिहून काढा. देवनागरी ही इथे चढायला लावलेली शिडी आहे.

पहिली पायरी: कारण आधी, क्रियापद शेवटी

ही पायरी आपल्याला जवळजवळ फुकट मिळते. 'पाऊस आल्यामुळे जाता आलं नाही' या वाक्याचा क्रम जशाच्या तसा ठेवला की कोरियन वाक्य तयार होतं: 'पीगा वासॉ मोत् क्कास्सॉयो.' 'पी' म्हणजे पाऊस, 'गा' कर्त्याला लागणारा प्रत्यय, 'वासॉ' म्हणजे 'येऊन, आल्यामुळे', आणि मग 'जाता आलं नाही'. कारण आधी, परिणाम नंतर, क्रियापद अगदी शेवटी. युरोपातल्या विद्यार्थ्याला ही उलटापालट अंगवळणी पडायला महिने लागतात.

एक सवय मात्र मोडावी लागेल. मराठीत आपण परिणाम आधी सांगून मग 'कारण...' असंही म्हणतो: 'मी आले नाही, कारण बरं नव्हतं.' कोरियनमध्ये 'कारण'ला 'वेन्याहाम्यॉन' असा शब्द आहे, पण तो निबंधात आणि भाषणात शोभतो, आणि तो वापरला की वाक्य '...त्तेमूनीएयो'ने बंद करावं लागतं. गप्पांमध्ये प्रत्येक वाक्याला 'वेन्याहाम्यॉन' लावणारा माणूस पुस्तक वाचून दाखवतोय असं वाटतं. सुरुवातीचं वर्षभर हा शब्द बोलण्यात आणूच नका, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी: '-आसॉ / -ऑसॉ', म्हणजे आपला '-ऊन'

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रत्यय, म्हणून इथे जरा रेंगाळूया.

बनवायचा असा: शब्दकोशातलं क्रियापद 'दा' किंवा 'ता'ने संपतं, ते काढून टाका. उरलेल्या धातूचा शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर '-आसॉ' लावा, इतर कुठलाही असेल तर '-ऑसॉ', आणि 'हादा' म्हणजे 'करणे' असेल तर सरळ 'हेसॉ'. 'कादा' (जाणे) चं 'कासॉ', 'ओदा' (येणे) चं 'वासॉ', 'मॉक्ता' (खाणे) चं 'मॉगॉसॉ', 'पेऊदा' (शिकणे) चं 'पेवॉसॉ'. थोडी वळणं आहेत: 'छूप्ता' (थंडी वाजणे, गार असणे) चं 'छूवॉसॉ' होतं, 'पाप्पुदा' (कामात असणे) चं 'पाप्पासॉ', 'तुत्ता' (ऐकणे) चं 'तुरॉसॉ', 'मोरुदा' (माहीत नसणे) चं 'मोल्लासॉ'. हे तक्त्यातून पाठ करण्यापेक्षा वाक्यातून तोंडात बसवा.

आता '-ऊन'शी याचं नातं बघा. कोरियात पहिल्या भेटीत म्हणतात 'मान्नासॉ पान्गाप्सुम्निदा.' शब्दशः: 'भेटून आनंद झाला.' मराठीत हेच म्हणतो ना आपण? 'भेटून'मध्ये भेटणं हेच आनंदाचं कारण आहे, तरी 'मुळे' म्हणावं लागत नाही. 'छिन्गूरुल मान्नासॉ यॉंगह्वारुल प्वास्सॉयो' म्हणजे 'मैत्रिणीला भेटून सिनेमा पाहिला'. इथे कारण नाही, नुसता क्रम आहे, तरी प्रत्यय तोच. मराठीतही तोच.

या नात्यातून तीन नियम आपोआप सुटतात.

पहिला नियम: '-आसॉ'च्या आधी भूतकाळाचा प्रत्यय येत नाही. काळ फक्त शेवटच्या क्रियापदाला लागतो. 'पेगा आफासॉ हाक्क्योए मोत् क्कास्सॉयो', म्हणजे पोट दुखल्यामुळे शाळेत जाता आलं नाही. दुखणं कालचं असलं तरी 'आफासॉ'च. 'दमून झोपले', 'दमून झोपते', 'दमून झोपेन' यात 'दमून' कुठे बदलतं? तरुण कोरियन माणसांच्या बोलण्यात भूतकाळ लावलेलं रूपही कानावर पडतं, पण परीक्षेत ती चूकच धरली जाते, तेव्हा शिकताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा नियम: '-आसॉ'ने कारण सांगितलं की पुढे आज्ञा, विनंती किंवा 'चला, करूया' येत नाही. पुस्तकं हा नियम चौकटीत छापतात आणि विद्यार्थी तो परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. घोकायची गरज नाही. 'घरी जाऊन आराम करा' हे कानाला बरोबर लागतं. 'दमून आराम करा' हे खटकतं. पहिल्यात '-ऊन' क्रमाचा आहे, दुसऱ्यात कारणाचा. कोरियनमध्ये नेमकं हेच घडतं: 'चिबे कासॉ श्वीसेयो' (घरी जाऊन आराम करा) चालतं, 'फीगोनहेसॉ श्वीसेयो' (दमून आराम करा) चालत नाही. आज्ञा हवी असेल तर पुढच्या पायरीवरचा प्रत्यय लागतो.

तिसरा नियम: आभार, माफी, आनंद, दिलगिरी यांचं कारण नेहमी '-आसॉ'नेच सांगायचं. 'तोवाजूशॉसॉ कामसाहाम्निदा', मदत केलीत त्याबद्दल आभारी आहे. 'नुजॉसॉ मिआनहाम्निदा', उशीर झाल्याबद्दल माफ करा. मराठीत इथे आपण 'बद्दल' वापरतो, त्यामुळे हा एक कप्पा मात्र वेगळा लक्षात ठेवावा लागतो. माझा मेसेज इथेच चुकला होता.

आणि आता मराठी माणसाचा खास खड्डा. आपला '-ऊन' कोरियन '-आसॉ'पेक्षा जास्त ठिकाणी फिरतो. 'जेवून शाळेत गेले' यात जेवण आणि शाळा यांचा आतून काही संबंध नाही, फक्त एकापाठोपाठ एक घडलं. कोरियनमध्ये अशा सुट्या क्रमाला '-गो' (किंवा '-क्को') लागतो: 'पाबुल मॉक्को हाक्क्योए कास्सॉयो.' इथे 'मॉगॉसॉ' म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'जेवल्यामुळे शाळेत गेले' असा अर्थ लागेल. कसोटी अशी: पहिली गोष्ट दुसरीला हात देते का? मैत्रीण भेटली आणि तिच्याबरोबर सिनेमा पाहिला, घरी गेले आणि त्या घरातच आराम केला, तर '-आसॉ'. नाहीतर '-गो'.

नामाला लावायचं असेल तर '-इरासॉ', स्वरान्त नाम असेल तर नुसतं '-रासॉ'. 'ह्यूइरीरासॉ सारामी मानायो', म्हणजे सुट्टीचा दिवस असल्यामुळे गर्दी आहे.

तिसरी पायरी: '-निक्का', म्हणजे आपलं 'तेव्हा'

धातू स्वराने संपला तर '-निक्का', व्यंजनाने संपला तर '-उनिक्का'. 'कानिक्का', 'हानिक्का', 'मॉगुनिक्का'. 'ल'ने संपणाऱ्या धातूचा 'ल' गळतो: 'साल्दा' (राहणे, जगणे) चं 'सानिक्का'. याच्या आधी भूतकाळ खुशाल लावता येतो: 'मॉगॉस्सुनिक्का', खाल्लंय तेव्हा.

'-निक्का'चा मराठी अर्थ 'कारण' असा लिहून ठेवू नका. 'तेव्हा' असा लिहा. 'पाऊस पडतोय, तेव्हा छत्री घेऊन जा': 'पीगा ओनिक्का ऊसानुल काजॉगासेयो.' 'वेळ नाहीये, तेव्हा टॅक्सी करूया का?': 'शीगानी ऑप्सुनिक्का थेक्शीरुल थाल्क्कायो?' 'तेव्हा' म्हटलं की बोलणारा नुसतं कारण सांगत नाही. समोरच्याला दिसणारी एक गोष्ट पुढ्यात ठेवतो आणि तिच्या जोरावर काहीतरी सुचवतो. '-निक्का' हेच करतो. म्हणून आज्ञा, विनंती, आमंत्रण, 'चला' यांच्या आधी तोच लागतो. मघाचं वाक्य आता सुटलं: 'फीगोनहानिक्का श्वीसेयो', दमलाय तुम्ही, तेव्हा आराम करा.

याच कारणाने '-निक्का' थोडा ठाम असतो. 'उशीर का झाला?' या प्रश्नाला 'रस्ते तुंबले होते' हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. 'कीरी माख्यॉसॉयो' म्हटलं तर 'ट्रॅफिक होता हो' असा मऊ सूर. 'कीरी माख्यॉस्सुनिक्कायो' म्हटलं तर 'ट्रॅफिक होता, मग उशीर होणारच' असा. वडीलधाऱ्यांसमोर, साहेबांसमोर, गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या चुकीचं कारण '-निक्का'ने देऊ नका. तळेगाव, रांजणगावकडच्या कोरियन कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. व्याकरणाची चूक कोरियन माणूस हसून सोडून देतो, पण सुराची चूक त्याला चूक वाटत नाही, स्वभाव वाटतो.

'-निक्का'चा आणखी एक उपयोग कारणाचा नाहीच. 'चिबे कानिक्का आमूदो ऑप्सॉस्सॉयो': घरी गेले तर कुणीच नव्हतं. इथे तो आपला 'तर' आहे, काहीतरी केलं आणि तेव्हा काहीतरी समजलं, असा. या अर्थात मात्र त्याच्या आधी भूतकाळ लागत नाही. वाचताना '-निक्का' दिसला आणि कारणाचा अर्थ बसत नसेल, तर 'तर' लावून बघा.

मग निवडायचं कसं? कारणाकडे बघून कळत नाही. 'थंडी आहे' हे कारण दोन्हीकडे सारखंच. पुढचा भाग आधी मनात आणा. पुढे नुसतं काय झालं ते सांगायचंय, तर '-आसॉ'. पुढे समोरच्याने काही करावं असं वाटतंय, तर '-निक्का'. पुढे आभार किंवा माफी, तर '-आसॉ'. सुरुवातीच्या सहा महिन्यांत एवढ्यावर उत्तम निभावतं.

चौथी पायरी: 'त्तेमूने', आणि त्यातला एक मोठा फरक

'त्तेमूने' हा आपल्या 'मुळे'चा सख्खा भाऊ. क्रियापदाला आधी '-गी' लावून त्याचं नाम करायचं, जसं आपण 'करणे'चं 'करण्या-' करतो, आणि मग 'त्तेमूने': 'पीगा वात्क्की त्तेमूने क्यॉंगगीगा छ्वीसोद्वेऑस्सुम्निदा', पाऊस झाल्यामुळे सामना रद्द झाला. भूतकाळ चालतो. पुढे आज्ञा चालत नाही, आणि मराठीतही 'पाऊस झाल्यामुळे छत्री घे' कानाला खटकतंच. सूर थोडा लेखी, तर्कशुद्ध. अहवाल, निबंध, बातमी यांत शोभतो. मैत्रिणीशी बोलताना जड होतो.

नामाला 'त्तेमूने' थेट लागतं आणि '-इगी त्तेमूने' असंही लागतं. अर्थ पूर्ण वेगळे:

'हाक्सेंग त्तेमूने': विद्यार्थ्यामुळे. विद्यार्थ्याने काहीतरी केलं, त्याचा परिणाम.
'हाक्सेंग-इगी त्तेमूने': विद्यार्थी असल्यामुळे.

म्हणजे संग्रहालयाच्या खिडकीवर 'विद्यार्थी असल्यामुळे मला सवलत मिळते' असं सांगायचं असेल आणि 'इगी' गळालं, तर अर्थच हातातून जातो. 'आइ' या शब्दाचंही असंच. कोरियनमध्ये 'आइ' म्हणजे मूल. 'आइ त्तेमूने चामुल मोत् च्चास्सॉयो' हे वाक्य ऐकून मराठी कान 'आईमुळे झोप झाली नाही' असं ऐकतो. खरा अर्थ आहे 'बाळामुळे'. आणि 'आइ-इगी त्तेमूने' म्हणजे 'ते लहान मूल असल्यामुळे'. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात, पण परीक्षा नसती तरी तो शिकण्यासारखा होता.

पाचवी पायरी: श्रेय कुणाचं, दोष कुणाचा

नामाला लागणारं 'त्तेमूने' बहुतेक वेळा तक्रारीकडे झुकतं. 'छिन्गू त्तेमूने नुजॉस्सॉयो', मित्रामुळे उशीर झाला. म्हणून कुणाचे उपकार सांगायचे असतील तर 'त्तेमूने' वापरू नका. तिथे 'तॉक्पूने' हवं. त्यातल्या 'तॉक' या चिनी मुळाच्या अक्षराचा अर्थ सद्गुण, पुण्याई. आपल्याकडे 'तुमच्या कृपेने', 'तुमच्या आशीर्वादाने' म्हणतात, तसंच: 'सॉनसेंगनिम तॉक्पूने शीहॉमे हाप्क्यॉखेस्सॉयो', सरांच्या कृपेने परीक्षेत पास झाले. कोरियन माणसाला 'कसे आहात?' विचारलं की 'तॉक्पूने' म्हणून 'तुमच्या कृपेने छान' असं उत्तर येतं. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचं वाटावं असं हे उत्तर तिथे रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

याच्या उलट टोकाला 'थासे'. 'अमक्याच्या पायी' म्हणताना आपण बोट दाखवतो, तसा दोष देणारा शब्द. 'चे थाशीएयो' म्हणजे 'माझीच चूक आहे'. 'नाम थात' म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं. शिकणाऱ्याने हा शब्द ओळखावा, पण स्वतःच्या चुकीखेरीज इतर ठिकाणी जपून वापरावा.

सहावी पायरी: 'नादात' आणि 'वाऱ्याने'

इथून मध्यम पातळी सुरू होते. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्यांपैकी पहिल्या दोन मागे टाकून तिसरीकडे जाताना या दोन प्रत्ययांशी गाठ पडते.

'-नुरागो' म्हणजे एका कामात वेळ आणि जीव गुंतल्यामुळे दुसरं राहून जाणं. मराठीत '-च्या नादात' किंवा '-ण्यात'. 'योरीहानुरागो चॉनह्वारुल मोत् प्पादास्सॉयो', स्वयंपाकाच्या नादात फोन घेता आला नाही. अटी तीन: दोन्ही कामं करणारा एकच, पहिलं काम स्वतः होऊन केलेलं आणि वेळ खाणारं, आणि '-नुरागो'च्या आधी भूतकाळ नाही. आजारी पडण्याच्या नादात कुणी काही विसरत नाही, म्हणून 'आजारी असल्यामुळे' सांगायला हा प्रत्यय चालत नाही, तिथे 'आफासॉ'. परिणाम बहुधा वाईटच असतो, अपवाद कष्टांची कदर करताना: 'चूनबीहानुरागो सूगोहाशॉस्सॉयो', तयारी करण्यात फार कष्ट घेतलेत. कार्यक्रमानंतर यजमानांना हे वाक्य म्हणून बघा, किती बरं वाटतं त्यांना.

'-नुन बारामे' माझा सगळ्यात आवडता. 'पाराम' म्हणजे वारा. अचानक काहीतरी घडलं आणि त्याच्या झोताने आपलं सगळं विस्कटलं, असा भाव त्यात आहे. 'काप्चागी पीगा ओनुन बारामे ओशी ता चॉजॉस्सॉयो', अचानक पाऊस आल्याने कपडे सगळे भिजले. 'पॉसुरुल नोत्छीनुन बारामे नुजॉस्सॉयो', बस चुकल्याने उशीर झाला. गोष्ट घडून गेलेली असली तरी रूप '-नुन'च राहतं. इथे कर्ता दोन्हीकडे वेगळा असू शकतो, आणि बोलणाऱ्याचा त्यावर काही ताबा नव्हता हे ऐकणाऱ्याला कळतं. म्हणून उशिराचं खरंखुरं, नम्र कारण द्यायला हा प्रत्यय फार उपयोगी. ठरवून केलेल्या गोष्टीला मात्र लावू नका.

याच घरातला एक छोटा प्रत्यय '-गिल्ले'. बाहेर काहीतरी दिसलं आणि त्यावरून मी काहीतरी केलं: 'माशिस्सॉ बोइगिल्ले सास्सॉयो', चविष्ट दिसत होतं म्हणून घेतलं. ओळख झाली, पुरे.

सातवी पायरी: बोलताना, वाक्याच्या शेवटी

पुस्तकातले विद्यार्थी लांब वाक्यात कारण देतात. खरे कोरियन लोक बहुतेक वेळा आधी गोष्ट सांगून टाकतात आणि मागून कारण जोडतात. त्यासाठी '-गॉदुन्यो'. 'ओनुरुन मोत् क्कायो. मोमी आन जोखॉदुन्यो.' म्हणजे 'आज नाही येता येणार. बरं नाहीये ना.' हा 'ना' अगदी तोच! समोरच्याला माहीत नसलेलं कारण त्याला हळूच पुरवणारा. '-जानायो' याच्या उलट, समोरच्याला माहीत असलेलं त्याला आठवून देणारा: 'पीगा ओजानायो', पाऊस पडतोय की! मराठीत 'ना' आणि 'की' यांत जो फरक, तोच या दोघांत. मोठ्या माणसांशी बोलताना दोन्ही जपून, '-जानायो' विशेष जपून, कारण 'एवढंही माहीत नाही?' असा सूर त्यात सहज शिरतो.

कुणी 'का?' विचारलं तर पूर्ण वाक्य न रचता कारणालाच 'यो' जोडून थांबता येतं, मघाच्या 'कीरी माख्यॉसॉयो'सारखं. चेहरा उतरलेला बघून कुणी विचारपूस केली तर 'फीगोनहेसॉ कुरेयो', दमलेय म्हणून असं. नवशिक्याला याहून स्वस्त आणि सहज उत्तर सापडणार नाही. दोन सुटी वाक्यं जोडायला 'कुरेसॉ' (म्हणून) आणि 'कुरॉनिक्का' (तेव्हा, म्हणूनच तर) हे शब्द आहेत. त्यांच्या पोटात '-आसॉ' आणि '-निक्का' बसलेले दिसतील, आणि नियमही तेच लागू होतात.

'का' विचारण्याबद्दलही एक गोष्ट. 'का'ला कोरियनमध्ये 'वे' म्हणतात. पण शिक्षकांनी हाक मारल्यावर 'वेयो?' म्हणणं उद्धट वाटतं. 'ने' (हो) म्हणून ओ द्यावी. आणि कार्यालयात किंवा दवाखान्यात गेलात तर तिथला माणूस 'का आलात?' असं विचारणार नाही. तो विचारेल, 'ऑत्तॉखे ओशॉस्सॉयो?' शब्दशः 'कसे आलात?' याचं उत्तर 'बसने' असं द्यायचं नसतं. घरी पाहुणे आले की आपण विचारतो ना, 'कसं काय येणं केलंत?' तेच हे. उत्तर द्यायचं: 'कामगीए कॉल्ल्यॉसॉ वास्सॉयो', सर्दी झालीय म्हणून आले.

फक्त वाचण्यापुरते

'-मुरो' आणि '-रो इन्हे' हे दोन लेखी प्रत्यय बोलायचे नाहीत, ओळखायचे. पहिला प्रमाणपत्रांवर आणि सूचनाफलकांवर भेटतो, आपल्या 'सबब', 'ज्याअर्थी' यांच्या पंगतीतला. दुसरा बातम्यांमध्ये आणि विमानतळावर: 'फोक्सॉल्लो इन्हे', जोरदार हिमवृष्टीमुळे. हा ऐकलात तर फलकाकडे बघा, विमान बहुधा रद्द झालेलं असेल.

सराव

खालची वाक्यं आधी स्वतः कोरियनमध्ये करून बघा, मग पुढचं वाचा. डोकं दुखत होतं म्हणून लवकर झोपले. बाहेर गरम होतंय, टोपी घाला. मालिका बघण्याच्या नादात भात करपवला. अचानक वीज गेली आणि फाइल उडाली. जेवून बाहेर पडले.

पहिलं सरळ आहे, काय झालं ते सांगायचंय: 'मॉरीगा आफासॉ इल्च्चिक च्चास्सॉयो.'

दुसऱ्यात मराठीने कारणाचा शब्दच वापरलेला नाही, नुसता स्वल्पविराम आहे. पण पुढे आज्ञा आहे, म्हणून कोरियनला '-निक्का' हवाच: 'पाक्की तॉऊनिक्का मोजारुल स्सुसेयो.' मराठीत जिथे आपण कारण न बोलता सोडतो, तिथे कोरियन प्रत्यय विसरण्याची शक्यता सर्वात जास्त. स्वतःच्या चुकांची वही ठेवलीत तर त्यात ही चूक वारंवार सापडेल.

तिसऱ्यात 'नादात' आहेच: 'तुरामारुल पोनुरागो पाबुल थेवॉस्सॉयो.'

चौथं वाऱ्याचं: 'काप्चागी चॉंगजॉनी त्वेनुन बारामे फाइरी नारागास्सॉयो.' 'नारागादा' म्हणजे उडून जाणे. फाइल गेली की कोरियन माणूसही 'उडाली' असंच म्हणतो.

आणि पाचव्यात 'मॉगॉसॉ' लिहिलं असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. जेवणाचा आणि बाहेर पडण्याचा आतून संबंध नाही, तेव्हा 'पाबुल मॉक्को नागास्सॉयो.'